रिफ्लेक्शनला गुण देऊ नका : आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या विद्यापरिषदेस खुले पत्र

मा. कुलगुरू व विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक, तसेच राज्यातील सर्व वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता यांस,

सादर नमस्कार.

जनवैद्यकशास्त्र विभागात जवळजवळ तीस वर्षे शिकवून मी अलीकडेच निवृत्त झाले. सेवेतल्या शेवटच्या सत्रात माझ्याकडे दीडशे विद्यार्थ्यांच्या लॉगबुकांचा गठ्ठा तपासायला आला होता. विषय होता ‘रुग्ण असणे म्हणजे काय?’. प्रत्येकाने वॉर्डात जाऊन एका रुग्णाशी बोलायचे होते आणि त्यानंतर आपल्या मनात काय आले ते एका पानात लिहायचे होते. या पानाला आपल्याकडे ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात. दीडशेपैकी निम्म्याहून अधिक पानांवर थोड्याफार फरकाने तोच मजकूर होता : या सत्रामुळे मला सहानुभूतीचे महत्त्व कळले आणि पुढे मी चांगला डॉक्टर होण्याचा प्रयत्न करीन. आदल्या वर्षीच्या कोणाचे तरी पान व्हॉट्सॲपवर फिरले होते आणि मुलांनी ते इतक्या निष्ठेने उतरवले होते, की रुग्णाचा वॉर्ड क्रमांकही तोच राहिला होता. तो वॉर्ड त्या वर्षी गळतीच्या दुरुस्तीसाठी बंद होता. मी सगळ्यांना दहापैकी सात गुण दिले आणि सही केली. हे पत्र लिहिण्याचे पहिले कारण ती सही आहे.

दोष मुलांचा नाही, हे आधीच नोंदवते. ज्या पानाला गुण आहेत ते पान गुण मिळतील असेच लिहिले जाणार. आमच्या काळीही शरीरक्रियाशास्त्राचे जर्नल सीनियरचे पाहून पूर्ण होत असे आणि बेडकाच्या स्नायूचा आलेख कोणी कोणाचा उतरवला म्हणून बेडकाचे काही बिघडत नव्हते. परंतु स्वतःच्या मनात काय उमटले, हेसुद्धा दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढायचे, ही सवय आपण पहिल्याच वर्षी, गुण देऊन, लावत आहोत. आत्मभान शिकवण्यासाठी केलेली योजना आत्मवंचनेचा सराव करून घेत असेल, तर ती थांबवलेली बरी, अशा टोकाच्या मतापर्यंत मी मध्यंतरी आले होते. आता तसे वाटत नाही. योजना योग्य आहे, तिची जागा चुकली आहे, असे माझे म्हणणे आहे.

कागदावर काय आहे ते आपण सर्व जाणता, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २०१९ च्या प्रवेशवर्षापासून देशभर क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला. तो तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने आखला आणि सप्टेंबर २०२० मध्ये परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुढे चालवला. या अभ्यासक्रमात एमबीबीएस होणाऱ्या व्यक्तीच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत : चिकित्सक, आरोग्यसेवेच्या चमूचा नेता आणि सदस्य, संवादक, आयुष्यभर शिकत राहणारा, आणि व्यवसायाची मूल्ये पाळणारा. त्यासाठी वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांची, ज्याला सगळे ‘एटकॉम’ म्हणतात ती, २७ प्रकरणांची पुस्तिका आली. पहिल्या वर्षी ‘डॉक्टर असणे म्हणजे काय?’ इथून सुरुवात होते आणि शेवटच्या वर्षी मृत्यूला सामोरे कसे जावे इथपर्यंत ती पोहोचते. प्रकरणे छोट्या गटांत, प्रत्यक्ष प्रसंगावर चर्चा करून शिकवावीत, अशी पुस्तिकेची अपेक्षा आहे. ‘नेता आणि सदस्य’ हे दोन शब्द एकाच भूमिकेत जोडून लिहिण्यामागे ज्यांचा हात असेल, त्यांना माझा नमस्कार. डॉक्टर एकाच दिवसात चार वेळा नेता असतो आणि दहा वेळा सदस्य, आणि आपण या क्षणी कोण आहोत हे ज्याला कळत नाही तो दोन्हीकडे धोकादायक ठरतो.

नेतृत्व हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर कोटातले प्रशिक्षक, हॉटेलातले सभागृह आणि दोरी ओढायचे खेळ येतात. काही महाविद्यालयांनी तसलेच काहीतरी विकत आणायला सुरुवातही केली आहे. अशा एका कार्यशाळेत मी बसले आहे. लुफ्ट आणि इंगहॅम या दोघांनी १९५५ साली मांडलेली जोहारी खिडकी, म्हणजे आपल्याविषयी आपल्याला आणि इतरांना काय दिसते याची चार चौकोनांची आकृती, पडद्यावर दाखवली गेली, ती मुलांनी वहीत काढून घेतली आणि मागून एकाने विचारले, “मॅडम, हे शॉर्ट नोटला येईल का?” मला हसू आले, पण प्रश्न रास्त होता. स्वतःला न दिसणारे आणि इतरांना दिसणारे असे आपल्यात काय असते, याचा चौकोन पाठ करता येतो. त्या चौकोनात नेमके काय आहे, हे मात्र कोणीतरी आपल्याला तोंडावर सांगावे लागते आणि ते ऐकून घेण्याइतका विश्वास त्या माणसावर असावा लागतो.

नेतृत्वाचा प्रश्न आपल्याकडे कोठे उभा राहतो, ते माझ्याच उदाहरणाने सांगते. १९८० च्या दशकात, इंटर्नशिप संपवून काही महिने होतात न होतात तोच मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. वय पंचविशीच्या आत. मैदानी भागात अशा केंद्राकडे साधारण ३० हजार लोकसंख्या आणि सहा उपकेंद्रे असावीत असा निकष आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांचा. हाताखाली माझ्या आईच्या वयाच्या नर्सबाई, माझ्यापेक्षा दुप्पट नोकरी झालेले आरोग्य सहायक, कंपाउंडर, हिवताप कर्मचारी, जीपचा चालक. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत मला कोणी हजेरीपट कसा पाहायचा हे शिकवले नव्हते, ते एक वेळ सोडून देऊ. परंतु एखाद्या अनुभवी माणसाला त्याची चूक कशी सांगायची, हेही शिकवले नव्हते. मला माहीत असलेली पद्धत एकच होती. वॉर्डातल्या राउंडला आमच्या सरांनी आम्हांला जशी सांगितली होती, तशी.

पहिल्याच मासिक बैठकीत एका नर्सबाईंच्या लसीकरणाच्या नोंदवहीत मला विसंगती दिसली. मी सर्वांसमोर त्यांना उभे केले आणि बोलले. काय बोलले ते आता लिहवत नाही. त्या गप्प राहिल्या. मला वाटले, शिस्त बसली. तीन महिन्यांनी त्यांच्याच भागातल्या एका वाडीवर गोवराची साथ पसरल्याचे मला तालुक्याच्या ठिकाणी, बाजारात, एका शिक्षकाकडून कळले. दहा दिवस उलटून गेले होते आणि दोन मुले दगावली होती. धावतपळत वाडीवर गेले, तर बाई तिथेच होत्या, आपल्या परीने करत होत्या. मला कळवले का नाही, असे विचारल्यावर त्यांनी मान खाली घालून सांगितले, “मॅडम, वहीत त्या वाडीची मुलं राहिली होती. तुम्ही पुन्हा सगळ्यांसमोर बोलाल म्हणून धीर झाला नाही.”

त्या दोन मुलांचा मृत्यू माझ्या बोलण्याने झाला, असे विधान कोणत्याही चौकशीत टिकणार नाही. लस न मिळणे, कुपोषण, रस्ता नसणे, ही सगळी कारणे खरी आहेत. तरी ते दहा दिवस माझे होते. माझ्या हाताखालचे माणूस मला वाईट बातमी सांगायला भिते, हे मला तीन महिने दिसले नाही. आणि आपला राग शिस्तीच्या नावाखाली कसा बाहेर पडतो, हे तर त्याहून कितीतरी उशिरा दिसले. नेतृत्व आणि आत्मभान हे दोन वेगळे विषय नाहीत, असे मी पुढे वर्गात सांगत आले, ते त्या वाडीवरून परतताना जीपमध्ये सुचलेले होते. वर्गात मात्र वाडीची गोष्ट मी कित्येक वर्षे सांगितली नाही. व्याख्याच सांगितली.

आता आपल्या शिक्षण रुग्णालयांतल्या राउंडकडे पाहा. पुढे युनिटचे प्रमुख, त्यांच्या मागे सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, मग सीनियर रेसिडेंट, तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर, मग इंटर्न, आणि शेवटी भिंतीला टेकलेले विद्यार्थी. ट्रॉली घेऊन सिस्टर असतात. रात्रभर त्या रुग्णापाशी त्याच होत्या, पण त्यांना सहसा कोणी काही विचारत नाही. रिपोर्ट राहिला असेल तर पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला खाटेपाशीच, रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या देखत, बोलणी बसतात. तो दुपारी इंटर्नला बोलतो, इंटर्न मावशींना. विद्यार्थी हे सगळे पाहत असतो. एटकॉमच्या वर्गात तो नेतृत्वाची व्याख्या ऐकतो आणि वॉर्डात नेतृत्व पाहतो, आणि दोहोंपैकी त्याच्या अंगात काय मुरते हे सांगायला संशोधनाची गरज नाही. अपवाद आहेत. राउंड संपल्यावर ‘सिस्टर, तुम्हांला काही सांगायचं आहे का?’ असे रोज विचारणारे एक शल्यचिकित्सक मला शिकवायला होते. त्या प्रश्नाने त्यांचे किती रुग्ण वाचले असतील कोण जाणे. त्यांच्या युनिटमधून बाहेर पडलेले बरेच जण मात्र आजही तो प्रश्न विचारतात, हे मी पाहिले आहे.

उतरंडीपायी बोलायचे राहून जाणे ही शिष्टाचारापुरती बाब नाही. २००५ साली इंग्लंडमध्ये एका तरुण स्त्रीला नाकाच्या आतल्या साध्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिली गेली. श्वासनलिकेत नळी जाईना, मुखवट्यानेही प्राणवायू पोहोचेना. तिथे अनुभवी भूलतज्ज्ञ होते, मदतीला आणखी ज्येष्ठ डॉक्टर आले, आणि सगळे मिळून नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. घशाला छेद देऊन वाट काढण्याचे साहित्य एका परिचारिकेने आणून ठेवले होते. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट तयार ठेवायला फोन केला होता. काय करायला हवे हे त्यांना कळले होते. ते वरिष्ठांच्या कानावर जाईल, अशा रीतीने सांगणे मात्र त्यांना जमले नाही, आणि ती स्त्री काही दिवसांनी गेली. तिचे पती विमानचालक होते. वैमानिकाच्या व्यवसायात सहवैमानिकाने कप्तानाला कसे अडवावे हे मुद्दाम शिकवले जाते. वैद्यकात का नाही, असा त्यांनी विचारलेला प्रश्न पुढे तिकडच्या आरोग्यसेवेत दूरवर पोहोचला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीचेही असेच. मराठी कुटुंबातून आलेले अमेरिकन शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली ती आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. त्यांत एक दिल्लीचे होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. त्या यादीत काप घेण्यापूर्वीची एक पायरी अशी आहे, की खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. आपल्याकडे ही यादी केसपेपरला लावलेली असते आणि बरोबरच्या खुणाही केलेल्या असतात. नावे सांगितलेली मी क्वचितच ऐकली.

आत्मभानाविषयी बोलताना आपण नेहमी ताण, झोप, ध्यान याच दिशेला जातो. त्याचीही गरज आहे, त्याविषयी पुढे येईन. परंतु मला अधिक काळजी वाटते ती वॉर्डातल्या शब्दांची. गोंदियाकडून किंवा नंदुरबारकडून आलेल्या बाईला आपल्या दुखण्याचा क्रम नीट सांगता आला नाही, की केसपेपरवर ‘पुअर हिस्टोरियन’, म्हणजे आजाराची हकिगत नीट न सांगणारी, असा शेरा पडतो. ही हकिगत लिहून घेणारा कोण आहे? तिची भाषा न येणारा, घाईत असलेला, तिच्या जातीविषयी, कपड्यांविषयी मनात आधीच काही धरून बसलेला आपला विद्यार्थी कधी स्वतःच्या नावापुढे तो शेरा लिहील का? ‘डामा’ हा दुसरा शब्द. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी जाणाऱ्याचा अंगठा घेतला, की आपले काम झाले. दीडशे लॉगबुकांत एक पान वेगळे होते, ते याच शब्दाविषयी. एका मुलीने लिहिले होते, की तिने एका म्हाताऱ्या माणसाचा डामाच्या कागदावर अंगठा घेतला आणि तो कशासाठी जातो आहे हे तिने विचारलेच नाही. नंतर जिन्यात तो दिसला तेव्हा त्याने सांगितले, की घरी म्हैस व्यायला आली आहे आणि दुसरे कोणी नाही. शेवटी तिने लिहिले होते : मी विचारले असते तर कदाचित तो दोन दिवसांनी परत आला असता, मी विचारले नाही, कारण माझी खाट रिकामी होत होती. या पानालाही मी सात गुण दिले होते. दुसऱ्या दिवशी ते खोडून काय करावे हे सुचेना. दहा दिले असते, तर पुढच्या वर्षी म्हैस व्हॉट्सॲपवर फिरली असती.

महाराष्ट्रात या गोष्टी शिकवण्याची परंपराच नाही, असे मात्र नाही. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केले आणि गावागावांतल्या बायकांना, ज्यांपैकी कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते, बाळंतपणापासून अतिसारापर्यंतचे ज्ञान हातात दिले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो ‘सामुदायिक नेतृत्वा’साठी, दोन डॉक्टरांच्या कामाला वैद्यकाचे नव्हे, नेतृत्वाचे नाव मिळाले, याचा आपल्या महाविद्यालयांनी कधी विचार केलेला मला आठवत नाही. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेतली. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार ३९ गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला होता. न्यूमोनियाचे निदान आणि इंजेक्शन या डॉक्टरच्या राखीव मानल्या गेलेल्या गोष्टी दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी डॉक्टरला आपल्या अहंकाराशी काय झगडावे लागत असेल, हा एटकॉमचा धडा का होऊ नये? आणि सेवाग्राम. १९६९ साली सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयात नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, झाडलोट करतात, सूत काततात, आणि प्रत्येक बॅच एका गावाशी जोडली जाते. तिथले सगळे आदर्श आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण राष्ट्रीय आयोगाने अलीकडे देशभर आणलेला, विद्यार्थ्यांना गावातल्या कुटुंबांशी जोडणारा कुटुंब दत्तक कार्यक्रम ज्या वाटेने जाऊ पाहतो, ती वाट वर्ध्याला फार पूर्वीपासून मळलेली आहे. तिथल्या शिक्षकांना बोलावून विचारायला काय हरकत आहे?

मुलांच्या मनःस्थितीविषयी थोडक्यात लिहिते, कारण आकडे पुरेसे बोलतात. राष्ट्रीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ च्या अहवालासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवी विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली, त्यांपैकी २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले, १६.२ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे दुसरे प्रमाण ३१.२ टक्के होते. पाहणी स्वेच्छेची होती, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे सर्वांना लावू नयेत. तरीही ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम देऊ नये आणि एक दिवस सुट्टी द्यावी, असे त्या गटाने सुचवले. सलग छत्तीस तास जागलेल्या माणसाला आत्मभानाचे व्याख्यान देणे हा क्रूर विनोद आहे. पाळ्यांचे तक्ते अधिष्ठात्यांच्या टेबलावर असतात, म्हणून हे वाक्य त्यांच्यासाठी.

अभ्यासक्रम आयोग ठरवतो आणि विद्यापीठ तो राबवते, हे मला ठाऊक आहे. पण अंतर्गत मूल्यमापन कसे व्हावे, लॉगबुकाचा नमुना कसा असावा, विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीने भेटीत काय पाहावे, यांतले बरेच काही आपल्या हातात आहे, आणि माझी विनंती तेवढ्याच मर्यादेत आहे.

रिफ्लेक्शनला गुण देणे आपण बंद करावे. लेखी परीक्षेत प्रसंग देऊन प्रश्न विचारा, त्याला हवे तेवढे गुण द्या. तिथे विचार तपासता येतो. मनातले तपासता येत नाही. त्याऐवजी दहा विद्यार्थ्यांचा गट आणि एक शिक्षक, अशी जोडी पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत कायम ठेवावी, आणि गटाने पंधरवड्यातून एक तास, एका प्रत्यक्ष रुग्णाविषयी किंवा प्रसंगाविषयी बोलावे. लिहायचे काही नाही. तारीख आणि हजेरी पुरे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी सामान्य डॉक्टरांचे असे गट चालवले होते, ‘या रुग्णाने माझ्या मनात काय उठवले’ एवढाच प्रश्न घेऊन. त्यात यंत्रे लागत नाहीत, पैसेही लागत नाहीत. शिक्षक कोठून आणायचे, हा आक्षेप मला माहीत आहे. दीडशे जागांच्या महाविद्यालयात चार बॅच मिळून सहाशे विद्यार्थी, म्हणजे साठ गट. कागदावर तरी शंभराच्या आसपास शिक्षक असतात. निम्मी पदे रिकामी असतील तर तो प्रश्न वेगळा आहे, आणि तो केवळ एटकॉमचा नाही.

दुसरी गोष्ट इंटर्नशिपची. प्राथमिक आरोग्य केंद्रावरची पाळी आज बहुतेक इंटर्न नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात घालवतात, आणि केंद्रावरच्या डॉक्टरांनाही त्यांचे काय करावे हे कळत नाही. त्या पाळीत प्रत्येक इंटर्नला एक लहान पण खरी जबाबदारी द्यावी : एका उपकेंद्राच्या लसीकरणाच्या दिवसाची आखणी, किंवा आशाताईंच्या मासिक बैठकीतला अर्धा तास, किंवा एखाद्या बालमृत्यूची घरी जाऊन केलेली चौकशी. पाळीच्या शेवटी त्या नर्सबाईंना आणि दोन आशाताईंना विचारावे, की या मुलासोबत किंवा मुलीसोबत पुन्हा काम करायला आवडेल का, आणि का. उत्तर फक्त इंटर्नला आणि त्याच्या गटाच्या शिक्षकाला कळावे. पूर्ततेच्या प्रमाणपत्राशी त्याचा संबंध जोडू नये, नाहीतर आशाताई सगळ्यांचेच कौतुक करतील. त्यांना त्याच डॉक्टरांशी उद्या गाठ पडणार असते. पंचविशीच्या आत मला कोणी हे उत्तर आणून दिले असते, तर नर्सबाईंचे गप्प राहणे मी शिस्त म्हणून वाचले नसते, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

तिसरी विनंती आम्हां शिक्षकांविषयी आहे आणि ती सर्वांत अवघड आहे. प्रत्येक विभागाच्या मॉर्टॅलिटी मीटिंगला, म्हणजे दगावलेल्या रुग्णांचा आढावा घेणाऱ्या बैठकीला, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बसू द्यावे, आणि महिन्यातून एकदा तरी विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने स्वतःची चूक आधी मांडावी. नियम करून हे होईल का, याविषयी मलाच शंका आहे. परंतु नियमाची भीती असते तिथे किमान प्रश्न तरी विचारला जातो. चौकशी समिती आज कौशल्य प्रयोगशाळेतले सरावाचे पुतळे मोजते. त्याच दिवशी तिने दोन निवासी डॉक्टर आणि दोन सिस्टर यांना बाजूला बसवून विचारावे, की गेल्या महिन्यात वरिष्ठांना न पटणारे काही सांगितले का, आणि सांगितल्यावर काय झाले. पुतळे मोजायला लागतो त्याहून कमी वेळ लागेल.

हे सगळे एकदम राज्यभर करा, असे मी म्हणणार नाही. पुस्तिका एकाच दिवशी सर्वत्र लागू झाली तेव्हा काय झाले, ते लॉगबुकांच्या गठ्ठ्यात आहे. चार महाविद्यालये निवडावीत, त्यांत एखादे तरी खासगी आणि एखादे विदर्भातले असावे, आणि पुढच्या प्रथम वर्षाच्या बॅचपासून गुणांविना गट सुरू करावेत. गट चालवण्यासाठी निवृत्त शिक्षकांचीही मदत घेता येईल. आमच्याकडे वेळ आहे आणि लपवण्याजोगे आता फारसे उरलेले नाही. कोणत्याही एका गटाची जबाबदारी मी विनामानधन घ्यायला तयार आहे. पहिल्या तासाला मी वाडीची गोष्ट सांगीन.

विद्यापरिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली विनीत,
जनवैद्यकशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका